वल्ह्यांचा उशीर

सांगलवाडीच्या शाळेच्या गच्चीवर
नदाफांची मेहजबीन एक पाट मांडून बसली.
पाटच म्हणायचं त्याला. पांढरा, चपटा,
एका माणसाच्या जेवणाएवढा.
ना दांडा, ना काड्या, ना वर तोंड केलेली थाळी.
मी विचारलं, फिरवायचा कुठून?
म्हणाली, दत्तूकाका, हा फिरत नाही.

तिचा बाप इलाही. त्यानं अख्ख्या गल्लीचे अँटेना फिरवले.
तो कौलांवर, आम्ही खिडकीत:
आलं! आलं! गेलं.
थोडं माधवनगरकडं. आता मागं. हां, धर तिथंच.
आणि तो दांडा धरून उभा, मॅच संपेपर्यंत,
स्कोअर आम्हालाच विचारत.

हिचा पाट निजलेला.
आत म्हणे दोनशे छप्पन्न बारकी तोंडं,
सगळी एकच शब्द बोलतात
पण शेजारच्याच्या किंचित मागून.
किंचित म्हणजे किती?
पापणी लवते त्याचे कोटी तुकडे कर काका,
त्यातल्या एकाहून कमी.
तेवढ्या उशिरानं बोलणं कलतं,
आणि पाट न हलता तिरपा बघतो.

इथं मला कळलं. सातवी नापास असून कळलं.
चौदा वर्षं मी शर्यतीच्या होडीत मागं बसलो.
आयर्विन पुलाखालनं सुटल्यावर
डावीकडची वल्ही अर्धा श्वास मागं ठेवायची,
नाक आपसूक घाटाकडं जातं.
होडीला कुणी हात लावत नाही.
उशीरच वळवतो.

ती यंत्र मुद्दाम बंद करते, पुन्हा चालू करते.
पुरात वीज गेल्यावर असंच होणार म्हणून.
पाटाला तेव्हा वेळ ठाऊक नाही, उत्तर ठाऊक नाही,
पोटातलं पंचांग शिळं.
आणि वरचं ते काही थांबत नाही.
सरळ वर मोजलं तर नागपूरपेक्षा जवळ,
पण कवठेपिरानच्या बाजूनं निघून
चार मिनिटांत मिरजेपल्याड बुडालेलं.

आधी थोडीच तोंडं जागी करते.
नजर पसरट होते, अंधुक.
आभाळाचे चार वाटे; कुठल्या वाट्यात कुजबुज?
त्याचे परत चार.
मग सगळी तोंडं, सुईएवढी नजर.
येताना आवाज चढा, जाताना उतरता,
पुलावरनं हॉर्न देत गेलेल्या एसटीसारखा,
त्यावरनं ओळखते, सामोरं येतंय की पाठमोरं.

आम्ही पुरात असंच करायचो.
रात्री इंजिन बंद. सगळे गप्प.
पाण्यावरनं हाक आली की प्रत्येकाचं बोट वेगळीकडं,
मग मधली दिशा धरायची, थोडं जायचं, परत गप्प.
एका हाकेला आम्हाला पाऊण तास लागला.
तोवर ती थांबली होती.
हे मी मेहजबीनला सांगितलं नाही.
सांगलवाडीत वाढलेली पोर, तिला सांगायचं काय?

पहिल्या खेपेला एक्केचाळीस सेकंद.
तिनं ओठ चावला, काहीतरी खोडलं.
मग एकोणीस.
मग ऊन कलेपर्यंत एकोणीसच, एकोणीस, बावीस,
शाळेच्या टाकीवर कावळा,
आणि माझ्या हातातला चहा गार.
मग सहा.

खाली पायरीवर इलाही बसलेला. गुडघे गेलेत,
जिना चढवत नाही.
तिथनं ओरडला, आलं का?
मी सवयीनं ओरडलो, आलं!
आणि तिच्या पडद्यावर पाहिलं तर
ते गेलं होतं,
मागून येणारं दुसरं धरलं होतं पाटानं,
मध्ये कुठं खळ पडला नव्हता.
आता खाली काय सांगायचं, आलं की गेलं?

मी कठड्यावरनं वाकलो.
इलाही वर बघत होता, कपाळावर हात धरून,
आभाळाकडं नाही, माझ्याकडं.
म्हणाला, स्कोअर किती?